पावसात उघड्यावर ठेवलेली होडी

ताडपत्री टाकली म्हणजे होडी कोरडी राहील असं नाही. सैल ताडपत्रीच्या मध्यभागी पाणी साचतं, आणि ते हलकं नसतं: 5 चौरस मीटरवर 1 सेंटीमीटर पाणी म्हणजे 50 किलो वजन. त्या भाराने कापड खोल जातं, आणखी पाणी धरतं, शेवटी फाटतं किंवा सगळं आत सोडतं. म्हणून आधी होडीच्या लांबीभर मधोमध एक दांडा उंच टेकूंवर बांधा आणि ताडपत्री त्यावरून छपरासारखी दोन्हीकडे उतरती सोडा. कडा होडीच्या काठाच्या खाली यायला हव्यात. दोर मात्र होडीच्या पोटाखालून घ्या. नुसती वजनं लटकवली तर वाऱ्यात ती होडीवरच आपटत राहतात.

पण गच्च गुंडाळू नका. आतली दमट हवा कोंडली की रात्री गारव्याने कापडाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात, आणि पाऊस न शिरताही फळ्या ओल्या होतात. दोन्ही टोकांना हवा खेळेल एवढी फट ठेवा. उशा, दोर, लाइफ जॅकेट घरात न्या.

तळाचं बूच काढून ठेवा, नाळेकडची म्हणजे पुढची बाजू थोडी उंच करा, म्हणजे चुकून आलेलं पाणी मागच्या भोकातून निघून जाईल. ते भोक पाल्याने तुंबतं, तेव्हा मोठ्या पावसानंतर एक नजर टाकाच. होडी लहान असेल तर हा सगळा खटाटोप सोडा, सरळ ठोकळ्यांवर पालथी घाला.