आरसी५२२ रीडर जोडताना: कार्ड का वाचतं आणि का वाचत नाही

गेटवर टेकवायचं कार्ड, ऑफिसचं ओळखपत्र, गाडीच्या काचेवरचा फास्टॅग. या तिन्हींत बॅटरी नसते. अशा कार्डाला, म्हणजे टॅगला, लागणारी वीज ते वाचणारं यंत्र, म्हणजे रीडरच, हवेतून पुरवतो आणि त्याच विजेवर टॅग आपला क्रमांक कळवतो. एवढं पक्कं लक्षात ठेवलं की ‘कार्ड वाचत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा आपलं आपल्यालाच सापडतं.

फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, रीडरची लहर परावर्तित करून उत्तर देतो आणि काही मीटरवरून वाचला जातो. घरच्या टेबलावर तो प्रकार नको. इथे आपण १३.५६ मेगाहर्ट्झचा आरसी५२२ रीडर अर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडणार आहोत.

आधी कार्ड ओळखा

कित्येक गेटची कार्डं १२५ किलोहर्ट्झची असतात. आरसी५२२ ती कधीच वाचणार नाही, कितीही घासली तरी. पांढरं कार्ड मोबाईलच्या टॉर्चवर धरा. आत बारीक तारेच्या भरपूर वेढ्यांची जाडसर गोल कॉईल दिसली, तर ते बहुधा १२५ किलोहर्ट्झचं. कडेकडेने फिरलेले मोजकेच चौकोनी वेढे दिसले, तर १३.५६ मेगाहर्ट्झचं. एनएफसी असलेला फोन हाताशी असेल तर आणखी सोपं: फोनला कार्ड जाणवलं, की ते आपल्या कामाचं.

जोडणी

आरसी५२२ मॉड्यूल (सोबत साधारणपणे एक पांढरं कार्ड आणि एक निळी की-चेन येते), उनो, यूएसबी केबल, सात मेल-फिमेल जंपर वायर आणि सोल्डरिंग गन एवढं सामान पुरतं.

१. मॉड्यूलसोबत आलेली आठ पिनांची पट्टी सोल्डर करा. ही पायरी टाळू नका. नुसती भोकांत खोचलेली पट्टी लागते-सुटते, आणि मग दोष कार्डाला दिला जातो.

२. वायर अशा लावा (आधी मॉड्यूलची पिन, मग उनोची): एसडीए १० ला, एससीके १३ ला, मोसी ११ ला, मिसो १२ ला, आरएसटी ९ ला, जीएनडी जीएनडीला. आयआरक्यू मोकळी राहू द्या.

३. शेवटची वायर ३.३ व्होल्टला. शेजारीच ५ व्होल्टची पिन असते. घाईत तिथे लागली तर चिप जळू शकते. केबल जोडण्याआधी ही एक वायर पुन्हा बघा.

उनोच्या सिग्नल पिनाही ५ व्होल्टच्या असतात आणि या चिपच्या मर्यादेपेक्षा ते जास्त आहे. टेबलावरच्या प्रयोगात सहसा निभावून जातं. कायमचं बसवायचं असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर (५ व्होल्टचा सिग्नल ३.३ वर आणणारं छोटं सर्किट) घाला किंवा सरळ ३.३ व्होल्टचा ईएसपी३२ बोर्ड वापरा.

पहिलं वाचन

४. अर्डुइनो आयडीई, म्हणजे बोर्डवर प्रोग्राम चढवायचं संगणकावरचं सॉफ्टवेअर, त्याच्या लायब्ररी मॅनेजरमधून एमएफआरसी५२२ लायब्ररी घ्या आणि तिच्यातलं ‘डंप इन्फो’ हे उदाहरण बोर्डवर चढवा. सिरियल मॉनिटरचा (बोर्डकडून येणारा मजकूर दाखवणारी खिडकी) वेग ९६०० वर ठेवा.

५. सुरुवातीला फर्मवेअर आवृत्तीची ओळ येते. तिथे ९१ किंवा ९२ दिसलं तर जोडणी बरोबर. ०० किंवा एफएफ दिसलं तर रीडरशी बोलणंच होत नाहीये. अशा वेळी कार्ड बाजूला ठेवा आणि सोल्डर, वायर, ३.३ व्होल्ट या क्रमाने तपासा. भलताच आकडा आला तर चिप नक्कल असू शकते. त्यातल्या काही चालतात, काही नाही.

६. आता कार्ड अँटेनाला समांतर, दोन-तीन सेंटिमीटरवर धरा. क्रमांक, कार्डाचा प्रकार आणि पाठोपाठ सगळी मेमरी उतरते. वाचन संपेपर्यंत कार्ड हलवू नका, मध्येच उचललं तर यादी अर्धवट तुटते.

रीडरची कॉईल आणि कार्डाची कॉईल मिळून मध्ये हवा असलेला ट्रान्सफॉर्मर तयार होतो. कार्डातली चिप जागी होते आणि आपल्या कॉईलवरचा भार ठरावीक तालात कमीजास्त करते. तो बारीकसा फरक रीडरच्या कॉईलला जाणवतो, तेच उत्तर. म्हणून कार्ड उभं धरलं की काम थांबतं: चुंबकीय रेषा कॉईलमधून आरपार जातच नाहीत. अंतराचंही तसंच. कॉईलच्या आकाराहून लांब गेल्यावर अंतर दुप्पट झालं की क्षेत्र साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. त्यामुळे या छोट्या अँटेनाकडून वीतभर अंतराची अपेक्षा ठेवू नका. लायब्ररीतून अँटेना गेन वाढवल्यास थोडाफार फरक पडतो, तो ऐकण्यात. कार्डाला मिळणारी वीज तेवढीच राहते.

टेबलावर उत्तम चाललेला रीडर पत्र्याच्या पेटीत बसवला की मुका होतो, ही तर नेहमीची गोष्ट. पत्र्यात भोवरी प्रवाह (धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह) तयार होतात, ते क्षेत्राला विरोध करतात, शिवाय अँटेनाची जुळणी १३.५६ वरून सरकते. अँटेनासमोर प्लास्टिकची खिडकी ठेवा, मागे पत्रा असेल तर मध्ये फेराइटची (चुंबकीय क्षेत्र स्वतःतून वळवणाऱ्या पदार्थाची) शीट घाला किंवा निदान सेंटिमीटरभर जागा सोडा.

मेमरीत काय असतं

सोबतचं कार्ड बहुधा मायफेअर क्लासिक १के असतं: १६ सेक्टर, प्रत्येकात ४ ब्लॉक, ब्लॉकमागे १६ बाइट. प्रत्येक सेक्टरचा चौथा ब्लॉक (३, ७, ११ ... ६३) हा कुलपाचा, त्यात सेक्टरच्या चाव्या आणि परवानग्या असतात. कोऱ्या कार्डात त्या ओळीत सहा वेळा ००, मग एफएफ ०७ ८० ६९, मग सहा वेळा एफएफ दिसतं. पहिली सहा शून्यं फसवी आहेत: तिथे पहिली चावी असते, पण ती कधीच वाचून दाखवली जात नाही. प्रत्यक्षात कोऱ्या कार्डाची चावी सहा वेळा एफएफ हीच असते.

लिहायचं असेल तर हे कुलपाचे ब्लॉक आणि कारखान्यात भरलेला ब्लॉक ० सोडून ४७ ब्लॉक, म्हणजे ७५२ बाइट तुमचे. मधल्या चार बाइटांपैकी पहिल्या तिनांत परवानग्या असतात. त्या चुकीच्या लिहिल्या तर तो सेक्टर कायमचा बंद पडू शकतो, कार्ड परत मोकळं होत नाही. पहिला प्रयोग ब्लॉक ४ वर करा आणि लिहिलेलं लगेच वाचून पडताळा.

दाराला लावण्याआधी

नुसता क्रमांक जुळवून दार उघडणारा प्रोग्राम लिहायला दहा मिनिटं लागतात आणि फसवायलाही फारसा वेळ लागत नाही, कारण क्रमांक बदलता येणारी कोरी कार्डं बाजारात मिळतात. मायफेअर क्लासिकचं कूटलेखनही २००८ मध्येच फुटलं आहे. कपाटाच्या दिव्यासाठी किंवा वर्गातल्या हजेरीसाठी हे चालून जातं. घराच्या दाराला मात्र एईएस (मजबूत कूटलेखन) असलेली डेसफायर जातीची कार्डं आणि ती नीट हाताळणारा रीडर घ्या. आरसी५२२ आणि ही लायब्ररी त्या कामाची नाही.