इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही?
अकराव्या पिढीच्या किंवा त्यानंतरच्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कची यादी कोरी आली, तर एसएसडी गेली असं लगेच समजू नका. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) तिचं नाव दिसत असेल तर ती बहुधा ठणठणीत आहे. व्हीएमडी, म्हणजे एसएसडीचा कारभार सांभाळणारी इंटेलची सोय, चालू असल्यामुळे इन्स्टॉलर तिच्यापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या संगणकावर इंटेलचा आरएसटी (रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी) ड्रायव्हर उतरवून घ्या, तो उलगडून (एक्स्ट्रॅक्ट करून) पेनड्राइव्हवर ठेवा. फोल्डरमध्ये आयएनएफ (.inf) फाइल हवीच, नुसती ईएक्सई (.exe) इथे उपयोगाची नाही. मग ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ते फोल्डर दाखवा.

बायोसमधून व्हीएमडी बंद करणं सोपं खरं, पण डिस्कवर आधीचं विंडोज असेल तर ते सुरू होताना अडकू शकतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा, कृपा करून!