डांबरी सोडून पहिल्यांदा मातीत गाडी घालताना

अवघड जागा दिसली की आधी गाडीतून उतरा आणि तो पट्टा स्वतः चालून बघा. माझ्या मते पहिल्या दिवशी एवढं एकच शिकलात तरी पुष्कळ झालं. गवताआडचा दगड, पाण्याने कोरलेली घळ बॉनेटपलीकडे बसल्या जागी दिसत नाही. चिखलात बूट घोट्यापर्यंत रुतला, तर गाडी रुतणारच.

फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी सोय) असेल तर अडकल्यावर नव्हे, शिरण्याआधीच लावा. स्टिअरिंग धरताना अंगठे आतल्या बाजूला अडकवू नका, रिमवरच ठेवा. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि मधली दांडी थेट अंगठ्यावर बसते.

चढ-उतार सरळ रेषेत घ्या. तिरपं गेलात तर गाडी कलंडू शकते. उतरताना पहिला गिअर ठेवा आणि क्लच अजिबात दाबू नका, नाहीतर गाडीचा वेग रोखून धरणारा इंजिनचा लगाम सुटतो.

मऊ वाळूत टायरची हवा ३२ पीएसआयवरून साधारण १८-२० वर आणली की टायर पसरतो आणि गाडी वर तरंगल्यासारखी चालते. पक्क्या रस्त्यावर आल्याबरोबर हवा पुन्हा भरायची, त्यामुळे पंप आणि हवेचा दाब मोजायचं गेज सोबत हवंच.

चाक जागीच फिरायला लागलं की अॅक्सिलरेटर सोडा. जोर लावाल तितका खड्डा खोल होईल. आल्या चाकोरीतून हळूच मागे या, नाहीच जमलं तर फावड्याने चाकापुढची माती काढा. आणि पहिल्या खेपेला कृपा करून एकटे जाऊ नका; ओढून काढायला दुसरी गाडी बरोबर असू द्या.