चोपण माती, लेझर आणि अणुकचरा

"सर, कचरा पक्क्या खडकात पुरला तर मग भीती कसली?" अणुकचऱ्याचा विषय निघाला की नववीची पोरं हटकून विचारतात. मी चोपडा तालुक्यात विज्ञान शिकवतो. उत्तर सांगण्याआधी हा प्रयोग करून घेतो.

माती चोपण जमिनीतलीच, म्हणजे सोडियम जास्त असलेली आणा. तापीच्या पट्ट्यात ती सहज मिळते. चुनखडीची नको, तिच्यातल्या कॅल्शियममुळे पाणी आपोआप निवळतं. दोन बरण्यांत बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, प्रत्येकीत चमचाभर माती टाकून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळ न ढवळता वरचं पाणी वेगळं काढा. खोलीत अंधार करून बाजूने लेझर टाका (डोळ्यांवर कधीच नको). पाण्यात प्रकाशाची रेघ उमटते. साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ती जवळजवळ दिसत नाही. रेघ दाखवणारे कण म्हणजे कलिल, आकाराने साधारण 1 नॅनोमीटर ते 1 मायक्रोमीटर. आता एका बरणीत चिमूटभर जिप्सम (यातही कॅल्शियम असतं) विरघळवा. कणांचे पुंजके होऊन तळाशी बसतात, रेघ फिकी पडते. चोपण जमिनीला शेतकरी जिप्सम देतात त्यामागेही हेच कारण.

अणुकचऱ्यातलं किरणोत्सारी प्लुटोनियम पाण्यात फार कमी विरघळतं, खडकाला चिकटून राहतं, म्हणून ते लांब जाणार नाही असं धरलं जायचं. पण अमेरिकेत नेवाडामध्ये 1968 साली झालेल्या बेनहॅम या भूमिगत अणुचाचणीतलं प्लुटोनियम 1.3 किलोमीटरवरच्या भूजलात सापडलं. प्रमाण अगदी कमी होतं, पण ते कलिलांवर बसून आलं होतं, हे 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या मते ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी.

अणुकचरा खडकात पुरण्याच्या स्वीडन आणि फिनलंडच्या आराखड्यात वापरलेल्या अणुइंधनाच्या तांब्याच्या पेट्यांभोवती बेंटोनाइट मातीचं जाड आवरण असतं. तिचं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट, आपल्या काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या खनिजांच्याच घराण्यातलं. पुढच्या हिमयुगात बर्फ वितळून क्षार नसलेलं पाणी खोल उतरलं, तर हेच आवरण कलिल होऊन झिजेल का, यावर तिथे कसून अभ्यास झाला आहे. जिप्सम न घातलेली बरणी मुलांना पुन्हा दाखवा, प्रश्न लगेच कळतो.

विहिरीच्या पाण्यात असे कलिल आहेत का हे तपासायचं असेल तर बादली आपटू नका, तिने गाळ उठतो. पंप मंद चालवा, बाटली काठोकाठ भरून लगेच बंद करा. हवा लागली की पाण्यातलं लोह साकळून नवे कण तयार होतात आणि रेघ खोटी दिसते. प्रयोगशाळेचा अहवाल आला की आधी कॅल्शियम आणि सोडियमचे आकडे शेजारी ठेवून वाचा: कॅल्शियम कण खाली बसवतं, सोडियम त्यांना तरंगत ठेवतं.