फातोर्ड्याला मॅच बघायची तर सुरुवात परतीपासून करा

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याकडच्या माणसाला इंडियन सुपर लीगची फुटबॉल मॅच मैदानात बसून बघायची तर मुंबईपेक्षा मडगाव कितीतरी जवळ. सावंतवाडीपासून मडगावच्या फातोर्ड्याचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, म्हणजे एफसी गोवा क्लबचं घरचं मैदान, हायवेने साधारण 90 किलोमीटर. तरी दर हंगामात व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच होतं. महिनाभर आधी सगळे 'मी येतलंय' म्हणून हात वर करतात, काहींची तिकिटंही निघतात, आणि मॅचच्या दिवशी दुपारी कोणीतरी विचारतो, "पण रातीचा परत येवचा कसा?" तिथून गळती सुरू होते. म्हणून हे सगळं शेवटाकडून ठरवायचं: आधी परतीची सोय, मग तारीख, मग तिकीट.

पहिली पायरी: रात्रीचं गणित मांडा

लीगच्या मॅचेस बहुधा संध्याकाळी साडेसातला सुरू होतात. एका दिवशी दोन असल्या तर पहिली पाचला. तुमच्या वाट्याला पाचची आली तर देवाला नारळ ठेवा, कारण मग अर्धी काळजी मिटली. साडेसातची मॅच मात्र हाफटाइम आणि वाढीव वेळ धरून साडेनऊपर्यंत जाते. गेटवरची गर्दी, पार्किंगमधून गाडी काढणं यात दहा वाजतात. तिथून पणजी, म्हापसा, पत्रादेवी करत सावंतवाडीला बारा-सव्वाबारा, कुडाळला पाऊण-एक. दशावताराला पहाटेपर्यंत बसणाऱ्यांना यात काही विशेष नाही, पण गाडी चालवणाऱ्याला सकाळी ड्युटी आहे का, हे त्याला आधी विचारा. चालवणारे दोघे असतील तर उत्तम. आणि जो चालवणार तो गोव्यात पिणार नाही, हे ग्रुपवर लिहून घ्या. तोंडी कबुलीला मडगावात किंमत नसते.

जाताना दुपारी अडीचच्या पुढे निघू नका. झुवारीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी रखडपट्टी संपली, पण पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून अडकायची जागा फक्त अलीकडे सरकली. बांद्याहून दोडामार्ग, डिचोली, फोंडा, बोरीमार्गे मडगाव गाठता येतं. दिवसा हा रस्ता छान आहे. रात्री अनोळखी वळणांवर चालवू नये.

रेल्वेने जाणं सोपं, येणं कठीण. जनशताब्दी रत्नागिरी, कणकवली, कुडाळ घेत दुपारी मडगावला पोचते, म्हणजे निवांत जेवून स्टेडियमवर जाता येतं. मांडवीवर विसंबू नका. ती संध्याकाळी सातच्या आसपास मडगावला लागते आणि कुठे क्रॉसिंगला अडकली की पहिला गोल तुम्ही माजोर्ड्याजवळ मोबाइलवर बघणार. परतीची कोकणकन्या तर तुम्ही स्टेडियमच्या रांगेत असतानाच मडगावहून सुटते. रात्री केरळ-मंगळुरूकडून येणाऱ्या गाड्या असतात, पण त्या तुमच्या स्टेशनला थांबतात का, हे बुकिंगआधी बघा. रत्नागिरी-राजापूरकरांना माझा सरळ सल्ला आहे: त्याच रात्री परतायचा हट्ट सोडा. मडगावात साधी खोली घ्या आणि सकाळच्या मांडवीने या. तिच्या पॅन्ट्रीतलं खाणं हे त्या गाडीने येण्याचं वेगळं कारण आहेच.

एसटी किंवा गोव्याच्या सरकारी कदंबा बसने जाणाऱ्यांनी पणजीहून मडगावची शटल पकडावी. मडगावचा कदंबा स्टँड स्टेडियमपासून चालत जाण्याएवढा जवळ आहे. मॅच सुटल्यावर मात्र शटल मिळेल या आशेवर राहू नका.

अलिबाग-मांडव्याकडच्यांचं मैदान वेगळं. त्यांना मुंबई सिटी क्लबची मॅच अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात, आझाद नगर मेट्रो स्टेशनजवळ. पण हिशेब तोच: अंधेरीतून रात्री निघून मांडव्याची बोट मिळत नाही, तेव्हा मुंबईतला नातेवाईक आधी गाठा.

दुसरी पायरी: तारीख बघताना कालनिर्णयही बघा

एरवी लीग सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते. 2025-26 च्या हंगामाची सुरुवात मात्र लीग चालवण्याच्या हक्कांच्या कराराच्या घोळात फेब्रुवारी 2026 पर्यंत लांबली. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: क्लबने स्वतः तारीख आणि वेळ जाहीर केल्याशिवाय रेल्वेचं आरक्षण करायचं नाही. फेसबुकवर फिरणाऱ्या यादीवर तर अजिबात नाही.

मग आपलं कॅलेंडर. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंगणेवाडीची जत्रा, कुणकेश्वर, पाठोपाठ शिमगा. या दिवसांत गाड्या चाकरमान्यांनी भरून येतात, आणि घरातून 'जत्रेक नाय येवचस?' हा प्रश्नही येतो. त्याचं उत्तर फुटबॉलमध्ये नाही. मॅच सुरुवातीच्या महिन्यांतली असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही लागू असू शकतं. तेव्हा गाड्या हळू धावतात आणि वेळाही बदललेल्या असतात.

तिसरी पायरी: कुणाची मॅच, कुठला स्टँड

एफसी गोवाची मॅच म्हणजे भगव्याकडे झुकणारी नारिंगी जर्सी, गव्याचं चिन्ह आणि 'फोर्सा गोवा'ची आरोळी. सगळ्याच मॅचेस भरतात असं नाही. स्टेडियम सुमारे 19 हजारांचं आहे, आणि एखाद्या साध्या बुधवारी त्यात आरामात पाय पसरता येतात. केरळ ब्लास्टर्स आले की चित्र पालटतं. मंजप्पडा नावाचे त्यांचे पिवळ्या जर्सीतले समर्थक मोठ्या संख्येने येतात, तिकिटं लवकर संपतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने केरळची मॅच निवडू नये असं माझं मत आहे. आधी एखादी कमी गर्दीची मॅच बघून गेट, पार्किंग, बाहेर पडायची वाट ओळखीची करून घ्या.

तिकीट ऑनलाइनच काढा आणि लिंक क्लबच्या अधिकृत पानावरूनच उघडा. क्यूआर कोड घरीच डाउनलोड करून ठेवा, कारण हजारो लोक गेटवर उभे असले की नेटवर्क मान टाकतं. गाणी-ढोल हवे असतील तर पूर्वेकडचा खालचा स्टँड. सोबत लहान मुलं किंवा वडीलधारी असतील तर दुसरी बाजू बघा. पाण्याची बाटली, लायटर, पॉवरबँक गेटवर काढून घेतात. पिशवी न्यायचीच नाही हे सगळ्यात सोपं.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते: एकाच घरात दोन क्लब. गोव्याला लागून राहणारे एफसी गोवाचे, आणि परळ-भांडुपला वाढलेले चुलतभाऊ मुंबई सिटीचे. हे दोन संघ भिडतात त्या आठवड्यात ग्रुपवर काय चालतं ते सांगायला नको. गोव्यावाले 17 नोव्हेंबर 2015 काढतात, फातोर्ड्यावर मुंबईला 7-0 धुतलं तो दिवस. मुंबईवाले शांतपणे 24 एप्रिल 2024 लिहितात. 2024 मध्ये खेळाडू ब्रँडन फर्नांडिस एफसी गोवा सोडून मुंबई सिटीला गेला, तेव्हा 'तो पण चाकरमानी झालो' यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. एकत्र जायचं असेल तर तिकिटं तटस्थ स्टँडची काढा. निळी जर्सी घालून पूर्वेच्या खालच्या स्टँडमध्ये बसलेल्या चुलतभावाची जबाबदारी कोणी घेत नाही.

चौथी पायरी: 85 व्या मिनिटाला उठू नका

लांबून आलेले लोक ट्रॅफिक चुकवायला मॅच संपण्याआधी निघतात. फातोर्ड्यावर हे महाग पडतं. 20 डिसेंबर 2015 च्या फायनलला गोवा 87 व्या मिनिटाला 2-1 असा पुढे गेला. जे जल्लोष करून गाडीकडे निघाले असतील त्यांना घरी पोचल्यावर कळलं असेल की चेन्नईयिन 3-2 जिंकली. आणि ते 24 एप्रिल 2024? सेमीफायनलचा पहिला सामना. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा 2-0 पुढे. मग मुंबईचे गोल: छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. मुंबई 3-2. ट्रॅफिकमध्ये वाचणारी वीस मिनिटं याच्यापुढे काहीच नाहीत. त्यापेक्षा गाडीच लांब, हायवेच्या दिशेला तोंड करून लावा आणि शेवटी थोडं चाला. बाहेर पडल्यावर रस ऑम्लेटच्या गाड्यावर अर्धा तास काढलात तर रस्ताही मोकळा होतो.

पाचवी पायरी: पोरांचा खेळ बघायला धुळेरला जा

22 ऑक्टोबर 2025 ला सौदीचा अल नासर, म्हणजे रोनाल्डोचा क्लब, फातोर्ड्याला आला. रोनाल्डो दिसेल म्हणून कितीतरी लोकांनी जमवाजमव केली होती. रोनाल्डो आलाच नाही. गोवा 1-2 हरला, पण गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिसने केला. गोव्याच्या मातीतला पोरगा, 2024-25 च्या हंगामात लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरलेला. त्याला आधीपासून ओळखणारे त्या रात्री निराश होऊन परतले नसतील.

अशी पोरं मोठी व्हायच्या आधी बघायची असतील तर फातोर्ड्यापर्यंत जायचीही गरज नाही. म्हापशाजवळच्या धुळेर स्टेडियमवर गोवा प्रोफेशनल लीगच्या मॅचेस होतात. तिथे एफसी गोवाचा विकास संघ उतरतो, आणि समोर धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग असे गोव्याचे क्लब. मॅच बहुधा दुपारी चारच्या सुमारास असते. सावंतवाडीहून पन्नासेक किलोमीटर. दुपारी जेवून निघा, रात्रीच्या जेवणाला घरी. परतीचा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते कोकणातल्या फुटबॉल-रसिकाने फातोर्ड्याची एक मॅच बघितली तर धुळेरच्या तीन बघाव्यात.

गर्दी नसल्यामुळे तिथे खेळाडूंचं बोलणंही ऐकू येतं, आणि तरुण खेळाडू पारखायला तेच हवं. बॉलमागे नजर फिरवू नका. एक पोरगा निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. बॉल येण्याआधी तो मान वळवून मागे कोण आहे ते बघतो का? पहिल्या स्पर्शात बॉल पुढच्या चालीसाठी सोयीचा ठेवतो, की पायात अडकवून घेतो? डाव्या-उजव्यापैकी कच्चा पाय वापरायची वेळ आली तर टाळतो का? चूक झाल्यावर हात वर करून रेफरीकडे बघत राहतो की परत धावतो? शेवटचं म्हणजे सत्तराव्या मिनिटानंतर त्याच्या बाजूचा बॅक एकटा पडला तर मदतीला येतो का. ड्रिबलिंग कोणालाही दिसतं. मला विचाराल तर मान वळवणारा पोरगा आधी निवडा, पायाची जादू दाखवणारा नंतर.

मोबाइलमध्ये जर्सीचा नंबर, मिनिट आणि दोन शब्द टिपून ठेवा. पुढच्या मॅचला त्याच पोराला पुन्हा बघा, शक्यतो ताकदवान संघासमोर. एका मॅचवर 'पुढचा छेत्री' असं ग्रुपवर लिहिण्याची घाई नको. आणि एकोणीस वर्षांच्या पोराने पेनल्टी घालवली म्हणून त्याच्या इन्स्टाग्रामवर जाऊन शिव्या देणारा कोणी तुमच्या ग्रुपमध्ये असेल तर त्याला गाडीत जागा देऊ नका.

धुळेरला आणखी एक फायदा होतो. शेजारी एखादे साठीच्या पुढचे काका हमखास बसलेले असतात. त्यांना प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या धेंपोबद्दल विचारा: पाच राष्ट्रीय विजेतेपदं, पहिलं 2004-05 चं, शेवटचं 2011-12 चं. मग 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले ते का, हेही विचारा. ते कोकणीत बोलतील, तुम्ही मालवणीत बोला, काही अडत नाही. हाफटाइम पुरणार नाही एवढंच.

शेवटची पायरी: इन्सुली

पत्रादेवी ओलांडली की बांद्याच्या पुढे इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि त्यात गाडीही जप्त होऊ शकते. 'एकच बाटली हा' म्हणणारा प्रत्येक गाडीत एक असतोच. म्हणून मडगावहून निघतानाच सगळ्यांच्या पिशव्या डिकीत टाकायच्या आधी उघडून बघा, आणि पेट्रोलचे पैसेही तिथेच जमा करा. पुढच्या मॅचला गाडी देणारा तोच मालक असणार.