आरोग्य धोरणात पीएचडी करायची आहे? आधी एक सर्वेक्षण हाताखालून घाला

आरोग्य धोरण आणि व्यवस्थापन या क्षेत्रात संशोधक-प्राध्यापक व्हायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही. अर्थशास्त्र, समाजकार्य, लोकसंख्याशास्त्र, नर्सिंग, फार्मसी, सगळीकडून माणसं इथे येतात. बहुतेकांचं अडतं ते पदवीवर नाही. मुलाखतीत “तुमचा प्रश्न काय आणि त्याला आकडे कुठून आणणार?” असं विचारलं की गाडी थांबते.

पात्रतेचं थोडक्यात. पीएचडीला ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी किंवा ७५ टक्क्यांसह चार वर्षांची पदवी हवी. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. नेट, म्हणजे प्राध्यापकपद, संशोधनवृत्ती आणि पीएचडी प्रवेशासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, तीत ‘आरोग्य धोरण’ नावाचा विषयच नाही. सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ, पॉप्युलेशन स्टडीज, मॅनेजमेंट, अर्थशास्त्र यांतला तुमच्या पदवीला जवळचा विषय घ्यावा लागतो. फॉर्म भरण्याआधी, पुढे जिथे नोकरी करावीशी वाटते अशा तीन-चार विभागांच्या जुन्या जाहिराती वाचा. ‘संबंधित विषयातील नेट’ म्हणजे ते काय धरतात हे तिथेच कळतं, आणि विषय चुकला तर उत्तीर्ण होऊनही अर्ज छाननीत बाद होतो. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० रुपये आणि वर घरभाडं. फक्त पीएचडी प्रवेशासाठी मिळालेले नेटचे गुण मात्र एकच वर्ष चालतात, म्हणून परीक्षेआधीच मार्गदर्शक शोधायला लागा.

आता खरं काम. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५वी फेरी (जुलै २०१७ ते जून २०१८) आरोग्यावर होती. तिचे घरनिहाय आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते उतरवून घ्या आणि स्टाटा किंवा आर यांसारखी संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर वापरून एकच गोष्ट करा: छापील अहवालातला आकडा स्वतः काढून दाखवा. रुग्णालयात दाखल झाल्यावर दर वेळी होणारा सरासरी वैद्यकीय खर्च ग्रामीण भागात १६,६७६ आणि शहरी भागात २६,४७५ रुपये, असं अहवाल सांगतो.

पहिल्या प्रयत्नात हा आकडा सहसा जुळत नाही, आणि का जुळत नाही हे शोधण्यातच सगळं शिक्षण आहे. एक कारण बाळंतपणाचं. दाखल झाल्याच्या नोंदींत बाळंतपणंही असतात, अहवालातला हा आकडा ती वगळून काढलेला आहे. दुसरं कारण भारांकाचं, म्हणजे नमुन्यातलं एक घर प्रत्यक्षात किती घरांच्या वतीने धरायचं त्या आकड्याचं. एक वर्षाखालचं मूल असलेली आणि गेल्या ३६५ दिवसांत कुणी दाखल झालेलं असलेली घरं या सर्वेक्षणात मुद्दाम जास्त घेतली आहेत. भारांक न लावता दाखल होण्याचं प्रमाण काढलंत तर ते भलतंच फुगतं. दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा प्रश्न मात्र फक्त १५ दिवसांपुरता विचारलेला आहे. त्या खर्चात दाखल होण्याचा ३६५ दिवसांचा खर्च तसाच मिळवून ‘वार्षिक खर्च’ लिहिणं ही या क्षेत्रातली फार जुनी चूक आहे.

आकडा जुळला की प्रश्न लहान करा. ‘महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा परिणाम’ हा प्रश्न या सर्वेक्षणावर टिकत नाही, कारण सरकारी विमा योजनांना तिथे एकच सांकेतांक आहे. फुले योजना वेगळी काढता येत नाही. ‘महाराष्ट्रात सरकारी विमा असलेल्या घरांना खासगी रुग्णालयात दाखल झाल्यावर खिशातून किती द्यावं लागलं’ हा प्रश्न टिकतो. तरीही विमा असलेली आणि नसलेली घरं मुळातच वेगळी असतात. त्याचं काय करणार, ते संशोधनाच्या आराखड्यात आधीच लिहा. परीक्षक बोट तिथेच ठेवतात.

माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या नैतिकता समितीकडे वेळेत जा. नावं-पत्ते काढलेल्या सार्वजनिक आकड्यांना बहुधा सूट मिळते, पण ती समितीनेच द्यायची असते, आपण गृहीत धरायची नसते. जिल्हा रुग्णालयात मुलाखती घ्यायच्या असतील तर समितीची मंजुरी आणि आरोग्य खात्याची परवानगी अशा दोन वेगळ्या गोष्टी लागतात. दुसरीला महिने जातात, म्हणून दोन्ही अर्ज शक्य तितके बरोबरच हलवा.

विभाग निवडताना नावापेक्षा पद्धत बघा. आकड्यांचं काम असेल तर मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारीही तिच्याकडेच असते. आरोग्यव्यवस्था आणि समाज असा विषय असेल तर टाटा समाजविज्ञान संस्था, दिल्लीतलं जेएनयू किंवा तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र. मार्गदर्शकाला पहिल्याच ईमेलमध्ये सात पानी बायोडेटा पाठवू नका. दोन पानं पुरतात: प्रश्न, आकड्यांचा स्रोत, पद्धत आणि तुम्ही स्वतः जुळवलेला तो तक्ता. त्यांच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत तेही विचारा. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार ही मर्यादा आहे, आणि जागा नसेल तर चांगला आराखडाही वर्षभर पडून राहतो.