सारंगखेड्याला निघण्याआधी: मोटारहोमच्या बारा व्होल्टची तयारी

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत चार दिवस तापीकाठी मुक्काम, तिथून शहादामार्गे तोरणमाळ, असा बेत असेल आणि गाडी उन्हाळा-पावसाळा शेडमध्ये उभी असेल, तर इंजिनापेक्षा मागच्या घराच्या वायरिंगकडे आधी बघा. यात्रेत गाडी एका जागी उभी राहते. इंजिन चालू होत नाही आणि फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, मोबाईल सगळं घरच्या बॅटरीवर, म्हणजे मागच्या घरासाठी बसवलेल्या वेगळ्या बॅटरीवर चालतं. तपासणी निघायच्या निदान सहा दिवस आधी करा. ब्लेड फ्यूज, रिले (करंटने चालणारा स्विच), लग (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं कडं) ही मंडळी ट्रॅक्टर-ट्रकचं इलेक्ट्रिक काम करणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतात, पण शंभर अँपिअरचा फ्यूज किंवा डीसी-डीसी चार्जर (इंजिनाकडून आलेले व्होल्ट हवे तेवढे करून घरची बॅटरी भरणारा) तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. तो मागवायला वेळ हवा.

हत्यारांपासून सुरुवात करा. मल्टिमीटर लागतोच. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर तो डीसी अँपिअर मोजतो का, हे दुकानातच विचारा, कारण स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि बारा व्होल्टच्या वायरीवर शून्य दाखवत बसतात. दुसरं हत्यार घरीच करायचं: इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन हात लांब दोन वायरी, टोकाला क्रोकोडाइल क्लिप. खर्च शंभराच्या आत आणि उपयोग मीटरइतकाच, काही वेळा जास्त. वायरीचे सगळे पदर तुटून एखादाच शिल्लक असला तरी मीटर खुशाल १२.६ दाखवतो, कारण त्याला ओढायला करंट जवळपास लागतच नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. तो पेटला नाही किंवा नुसता लालसर झाला, की वायर मेली असं समजा. इंजिनाच्या कंप्युटरच्या वायरींना मात्र हा बल्ब लावू नका.

काम सुरू करण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. जळगावचं सोनं कितीही चोख असो, पाना आणि अंगठी मिळून प्लसपासून बॉडीपर्यंत पूल झाला तर ते बोटावरच तापतं. बॅटरी सोडवताना आधी मायनस काढा, जोडताना मायनस शेवटी.

आता बॅटरी. लेड-अॅसिड असेल तर झाकणं उघडून पाणी बघा. खान्देशातला मे महिना शेडमधल्या बॅटरीलाही सोडत नाही, पाणी उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, पूर्ण चार्ज करा, मग खुणेपर्यंत भरा. बोअरचं पाणी चुकूनही नको, त्यातले क्षार प्लेटांना कायमचे नडतात. चार्ज झाल्यावर सगळं बंद ठेवून रात्रभर तशीच राहू द्या आणि सकाळी मोजा: १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ म्हणजे संपलेली. चार्जर काढल्या काढल्या दिसणारे १३ व्होल्ट वरवरचे असतात, त्यावर भरवसा ठेवू नका. एवढ्यावर थांबूही नका. फ्रिज, पंखा, सगळे दिवे मिळून दहा-बारा अँपिअरचं लोड लावा आणि पंधरा मिनिटांनी बॅटरीच्या टोकांवर पुन्हा मोजा. शंभर अँपिअर-तासांची भरलेली धडधाकट बॅटरी बाराच्या वर राहते. साडेअकराच्या खाली घसरली तर ती यात्रेला नेण्याच्या लायकीची नाही.

लिथियम बॅटरीचं गणित वेगळं. १३.३ ला ती जवळपास भरलेली असते आणि १३.० ला बरीच रिकामी, म्हणजे नुसत्या व्होल्टवरून किती उरलं ते कळत नाही. त्यासाठी शंटवाला मीटर, म्हणजे बॅटरीत आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहणारा मीटर लागतो, आणि तोही पूर्ण चार्ज करून शंभरावर आणल्याशिवाय बरोबर सांगत नाही. महिनोन्महिने उभ्या गाडीत लिथियम बॅटरी शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दाखवत असेल तर घाबरून भंगारात देऊ नका. बरेचदा आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने, रस्ता तोडलेला असतो. लिथियमचा चार्जर लावला की ती जागी होते.

मग एक छोटा हिशोब कागदावर मांडा. चाळीस-पन्नास लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालताना चार अँपिअर घेतो आणि मार्गशीर्षाच्या थंडीत दिवसाचा साधारण एकतृतीयांश वेळ चालतो: ३२ ते ३५ अँपिअर-तास. दिवे ५, पंप दीड-दोन, मोबाईल ८. बेरीज पन्नासच्या आत. आता इन्व्हर्टर नुसता चालू ठेवा, त्याला काहीही लावू नका, ०.८ अँपिअर रिकामा खातो, म्हणजे चोवीस तासांत १९. छतावरचं २०० वॅटचं सोलर डिसेंबरात आडव्या पॅनेलवर दिवसाला ४५ ते ५० अँपिअर-तास देतं. तूट नेमकी इन्व्हर्टरच्या त्या १९ ची पडते आणि तिसऱ्या रात्री फ्रिज बंद पडतो. तेव्हा इन्व्हर्टर कामापुरताच लावा. इंडक्शन शेगडी त्यावर चालवायचा विचार तर सोडूनच द्या, हजार वॅटला बॅटरीतून नव्वदच्या वर अँपिअर जातात. भरताची वांगी तशीही काड्यांवरच भाजायची असतात.

बॅटरी ठणठणीत, तरी फ्रिज अधूनमधून बंद, अशी तक्रार सगळ्यात जास्त येते. इथे निवांत वेळ द्या, कारण दोष फ्रिजमध्ये फार क्वचित असतो, तो वाटेत असतो. फ्रिज बॅटरीपासून पाच मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर वायर. ती दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटरची) असेल तर रोध साधारण ०.१२ ओहम, पाच अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच गेले. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट वाढतो, त्या क्षणी आणखी जातात. त्यात एक सैल लग आणि एक सिगारेट-लायटरचं सॉकेट भर घालतं. मग बॅटरीवर १२.२ असताना फ्रिजच्या टोकाला साडेदहा पोचतात. अनेक फ्रिजचं कंट्रोल युनिट १०.४ ला बंद होतं आणि ११.७ मिळाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही.

हे शोधायचं असं. फ्रिज चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर लावा. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, लगवर नाही. काळा प्रोब फ्रिजच्या प्लस टोकावर. दाखवेल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत हरवताहेत. तसंच मायनसचं करा. एका बाजूला ०.२ पेक्षा जास्त आलं की काळा प्रोब एकेक जोड मागे आणत चला: फ्रिजचं टोक, मग फ्यूजची फ्रिजकडची बाजू, मग बॅटरीकडची, मग मेन स्विच, मग लग. आकडा जिथे एकदम घसरतो, दोष नुकत्याच ओलांडलेल्या त्या जोडात किंवा तुकड्यात. फ्रिज बंद असताना हेच मोजलंत तर सगळीकडे शून्य येईल आणि वायरिंग उत्तम आहे असं वाटेल. अर्ध्या लोकांची तपासणी इथेच फसते. उपाय म्हणजे चार किंवा सहा स्क्वेअरची तांब्याची सलग वायर, आणि लायटर सॉकेट काढून फ्यूजमधून थेट जोडणी.

मायनसच्या वाटेत बहुतेक वेळा बॉडीचं अर्थिंग दोषी निघतं. पावसाळ्यात बोल्टखाली गंज चढतो. बोल्ट काढा, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसू द्या, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग बोल्ट असा उलटा क्रम करू नका.

वायर पिळून टेप मारलेला एकही जोड गाडीत शिल्लक ठेवू नका. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात टेपचा डिंक वाहतो, टेप सरकतो आणि पुढच्या धक्क्याला जोड उघडा पडतो. क्रिंप करा, म्हणजे जोड पक्कडीने दाबून बसवा, वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा, आणि ओढून बघा. हाताने ओढून निघाला तर रस्त्यावर निघणारच.

गाडी खळ्याजवळ किंवा कापूस-ज्वारी साठवलेल्या शेडमध्ये होती? मग पलंगाखालच्या वायरी टॉर्चने बोटभर बोटभर बघा. उंदराच्या लेंड्या दिसल्या की तिथे कुरतडलेली वायर असणारच. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका. फ्यूज वस्तूसाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे हे विसरतात. त्या लाईनवरची सगळी उपकरणं काढा, फ्यूजच्या दोन खाचांत आपला २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि करंट पावणेदोन अँपिअरवरच अडेल, वायर तापणार नाही. आता वायर हलवत जा, कनेक्टर एकेक सोडवत जा. ज्या क्षणी बल्ब विझतो, तिथे शॉर्ट.

चोर करंटही बघून घ्या. सगळं बंद करून मायनस केबल सोडवा, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर केबल आणि मायनसचा खुंट यांच्या मध्ये जोडा. ०.०५ अँपिअर चालेल. ०.३ असेल तर दिवसाला सात अँपिअर-तास कुठेतरी गळताहेत. एकेक फ्यूज काढत शोधा. काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजताना मीटरचा फ्यूज जाईल.

चार्जिंग दोन्हीकडून तपासा. इंजिन चालू असताना घरच्या बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. काही बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर डिझेल वाचवायला साडेबारा-पावणेतेरावर उतरतो. इंजिनाची आणि घरची बॅटरी जोडणारा, व्होल्टवर चालणारा रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो, म्हणजे धुळ्यापासून सारंगखेड्यापर्यंत गाडी चालली तरी मागे काही जात नाही. अशा गाडीला डीसी-डीसी चार्जरच हवा. सोलरचं पॅनेल ओल्या फडक्याने पुसा, जोडणीच्या प्लगमध्ये पाणी किंवा हिरवट थर आहे का बघा. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

पिशवीत ठेवा: तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २० अँपिअरचे फ्यूज प्रत्येकी पाच, बॅटरीजवळच्या मुख्य फ्यूजचा एक जोड, चार स्क्वेअरची वायर पाच मीटर, वेगवेगळ्या मापाचे दहा-बारा लग, क्रिंपिंगची पक्कड, श्रिंक स्लीव्ह, एक रिले, जादा २१ वॅटचा बल्ब, डोक्याला लावायचा टॉर्च. फ्यूज बॉक्सचा मोबाईलमध्ये फोटो आणि झाकणाच्या आत कोणता फ्यूज कशाचा ते मार्करने.

यात्रेत किंवा ढाब्यावर कुणी २३० ची लाईन देऊ केली तर प्लग घालण्याआधी सॉकेट मोजा. फेज-न्यूट्रल २०७ ते २५३ च्या मध्ये हवं, फेज-अर्थिंग जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थिंगला शंभर-सव्वाशे असं भलतंच काही आलं तर तिथे अर्थिंग नाही, नको म्हणा. न्यूट्रल तुटलेल्या लाईनवर ३०० च्याही वर येऊ शकतात आणि चार्जर एका झटक्यात जातो.

शेवटचं काम नेलपॉलिशचं. बॅटरी, मुख्य फ्यूज, मेन स्विच आणि अर्थिंग इथल्या प्रत्येक नटावरून खालच्या लगवर एक सरळ रेघ ओढून ठेवा. तोरणमाळचा घाट चढून वर पोचलात की इंजिन बंद करून बॅटरीचा खोका उघडा आणि रेघा बघा. जी तुटली तो नट फिरला आहे. मग पंप आणि पंखा दहा मिनिटं चालवून प्रत्येक लगला बोटाची मागची बाजू लावा. एखादा शेजारच्यापेक्षा कोमट लागला तर मायनस सोडवून त्याला उघडा, घासा, पुन्हा आवळा आणि रेघ नव्याने ओढा.